.375 चा तोल

हिंगोली जिल्ह्यात परवान्याची बंदूक म्हटली की बहुधा बारा बोअर, नाहीतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .315. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत सोयाबीन लोळवतात, हळदीचे वाफे उकरतात; पिकाच्या राखणीसाठीच यातले कितीतरी परवाने निघालेले असतात. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो. त्यामुळे बंदुकीची आवड असलेली माणसं जमली की मॅग्नम घ्यावी का, घेतली तर कोणती, हा विषय निघतोच. माझं मन अशा वेळी एकाच रायफलीकडे जातं. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने 1912 साली आणलेलं .375 मॅग्नम काडतूस आणि त्याच्यासाठी घडवलेली बोल्ट रायफल.

काडतूस हातात घेऊन पाहावं. लांबलचक, बुडापासून गळ्याकडे हळूहळू निमुळतं होत गेलेलं, खांदा अगदी उतरता. बुडाशी पितळेचा एक उंच पट्टा. खांदा इतका उतरता की काडतूस खोबणीत नेमकं कुठे थांबावं हे ठरवायला काहीतरी ठोस हवं. ते काम हा पट्टा करतो. हा आकार शोभेचा नाही. त्या काळची कॉर्डाइट दारू लांब काड्यांची असायची आणि उष्ण मुलखात तिचा दाब वाढायचा. म्हणून कवच ऐसपैस ठेवलं, दाब बेताचा ठेवला. भर उन्हात तापलेल्या नळीतूनही रिकामं कवच अडकून न बसता बाहेर यावं, हा त्यामागचा विचार. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. मराठवाड्यातल्या मे महिन्यात रायफलीचं काय होतं हे तिथल्या सैनिकांना कुणी सांगायला नको होतं. बोल्ट पुढे सारला की हे काडतूस कुठेही न खरडता आत जातं. त्या सरकण्यातच निम्मा जीव रमतो.

खरी गंमत मात्र धक्क्यात आहे. 300 ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 770 मीटर वेगाने सुटते. खांद्याला त्याची किंमत मोजावीच लागते. पण रायफलीचं वजन वाढलं की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात उतरते: चार किलोच्या रायफलीत ती पन्नास ज्यूलच्या आसपास असेल, तर पाच किलोच्या रायफलीत चाळीसवर येते. शिवाय .375 चा धक्का खांद्याला रेटतो, तडाखा देत नाही. .300 विंचेस्टर मॅग्नम आकड्यांत सौम्य आहे, पण हलक्या रायफलीत ती गालफडाला तडक लागते. कुंदा सरळ असावा, दस्त्याची लांबी आपल्या हाताच्या मापाची असावी आणि मागे जाड रबरी गादी असावी. नळीच्या तोंडाला बसवायचा ब्रेक मी घेणार नाही. खांदा वाचतो, पण शेजारी उभ्या असलेल्याचे कान जातात.

हे सगळं लाड म्हणून सांगत नाही. नेम चुकतो तो बहुतेकदा बार सुटायच्या आधीच. मागच्या तडाख्याची आठवण अंगात असते, पापणी मिटते, बोट चाप हिसकतं. रायफल कितीही अचूक असली तरी त्या हिसक्यापुढे तिचं काही चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक आणलं, त्या 50 मीटर रायफलीची गोळी .22 ची, धक्का नावापुरता. चापाची शिस्त शिकावी ती अशाच रायफलीवर. ती अंगी मुरली की .375 तिला सांभाळून घेते. कितीतरी .375 रायफलींत 270 आणि 300 ग्रेनच्या गोळ्या शंभर मीटरवर एकमेकींच्या अगदी जवळ बसतात. गोळी बदलली की दुर्बीण पुन्हा जुळवत बसायची वेळ आणणाऱ्या रायफलींच्या गर्दीत हा गुण मला सगळ्यात देखणा वाटतो.

तरीही हिंगोलीच्या शेतासाठी ही रायफल मी सुचवणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला आणि ते योग्यच झालं. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रोही-रानडुकरांसाठी कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळाली तरी सेनगाव-कळमनुरीकडची उघडी माळरानं, जागोजागी आखाडे, रात्री पाणी द्यायला शिवारात आलेली माणसं. चुकलेली गोळी, मॅग्नमची असो वा दुसरी, कित्येक किलोमीटर जाते. आणि रोह्यासाठी तिथे .30-06 पुरून उरते. तीही फार हलकी नको, चाप स्वच्छ सुटणारा हवा. आणि बार काढायचा तो मचाणावरून खाली, मागे मातीचा जाड बांध असेल अशाच जागी.