‘फकिरा’ : राणोजीचे मरण आणि टेंभुर्णीचे मरण

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. मी ती प्रथम वाचली १९७७ मध्ये, नांदेडला शिकत असताना. पुढे लातूरकडच्या शाळांत मराठी शिकविताना ती कितीदा वाचली याचा हिशेब नाही. परंतु माझ्या पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाच्या मध्ये १९७८ साल उभे आहे. त्या सालाने माझे वाचन कसे बदलले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पहिल्या वेळी मी फकिराने भारावून गेलो. तोवर पाठ्यपुस्तकात आमचा माणूस भेटला तो हात जोडलेला, दयेला पात्र असा. येथे तो घोड्यावर बसून आला. दुष्काळात वस्ती जगावी म्हणून लुटणारा, सरकारी खजिन्यावर हात टाकणारा आणि शेवटी कोंडलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतः हजर होणारा. रात्री पुस्तक मिटले तेव्हा छाती भरून आली होती.

भाषेचे मात्र थोडे वेगळे झाले. पात्रे बोलतात ती वारणेकाठची बोली. ‘काय करलालास’ म्हणणाऱ्या आम्हा मराठवाड्यातल्या पोरांना ती परकी वाटावी. पण वाटली नाही. कारण त्या बोलीतली भूक आमच्या ओळखीची होती. उलट लेखकाचे निवेदन ग्रंथी मराठीत आहे, उपमांनी लगडलेले आहे. काही ठिकाणी ते मला आजही जड वाटते. पण अण्णा भाऊ शाहीर होते. डफावरची थाप कानात ठेवून वाचले की ती अतिशयोक्ती आपल्या जागी बसते.

मग २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग होते. जयभीम म्हणणे त्यांनी सोडले नाही, असे आमच्याकडे आजही सांगतात.

त्यानंतर मी ‘फकिरा’ पुन्हा हाती घेतली, आणि विष्णुपंत कुलकर्णी या पात्राशी माझे भांडण सुरू झाले. मांगवाड्याच्या पाठीशी उभा राहणारा, न्यायाने वागणारा हा गावकारभारी. मी विचारीत होतो, हा विष्णुपंत आमच्या गावात कुठे होता? घरे जळत असताना त्याने दार का उघडले नाही? आज वाटते, हा प्रश्न अण्णा भाऊंना विचारण्यात अर्थ नव्हता. गाव कसे असावे हे त्यांनी लिहिले. तसे न वागण्याचा दोष गावाचा आहे.

माझे खरे भांडण दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि ते मिटलेले नाही. फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगणी आणतो आणि त्यात जिवाला मुकतो. जोगणी आली म्हणजे गावाची भरभराट होणार. गाव हळहळते, त्याचा अभिमान बाळगते. पण मांगवाडा जिथल्या तिथे राहतो. पुढे दुष्काळात उपाशी मरतो तोच, आणि गुन्हेगार जमातीचा शिक्का बसून हजेरी द्यावी लागते त्यालाच. तो कायदा १९५२ साली गेला. गावाची नजर तेवढ्या लवकर गेली नाही.

राणोजी गावाच्या वैभवासाठी मेला. पोचीराम कांबळे गावाचा हुकूम मोडून, आपल्या नावासाठी मेले. माझ्या मते पहिले मरण कसे वाचावे हे दुसरे मरण शिकविते. आमचे शौर्य गावाच्या सेवेला जुंपलेले असते तोवर त्याचे पोवाडे होतात. ते स्वतःच्या हक्कासाठी उभे राहिले की त्याच गावाच्या हातात पलिते येतात.

अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तरीही आमच्याकडे १ ऑगस्टची मिरवणूक एका वस्तीतून निघते आणि १४ एप्रिलची दुसऱ्या वस्तीतून. ज्या जिल्ह्यात एका मातंगाने बाबासाहेबांच्या नावासाठी जीव दिला, तेथे तरी असे असू नये. फकिराच्या तलवारीचे चित्र भिंतीवर लावणाऱ्या तरुणांनी अर्पणपत्रिकेचे ते पान आधी उघडावे, एवढेच या जुन्या मास्तराचे मागणे आहे.