युद्धदृश्याची अचूकता : ‘ऑक्टोबर’च्या निमित्ताने

युद्धपटातील लढाईच्या दृश्याची ऐतिहासिक अचूकता तपासताना समीक्षा बहुधा गणवेश, शस्त्रे आणि स्थळ यांच्या तपशिलापाशी थांबते. तपशील जुळला तर दृश्य खरे, चुकला तर खोटे, असा हा हिशेब असतो. सर्गेई आयझेन्स्टाइनच्या ‘ऑक्टोबर’ (१९२८) मधील हिवाळी राजवाड्यावरील हल्ल्याचे दृश्य हा हिशेब अपुरा ठरवते.

येथील तपशिलाला भक्कम आधार आहे. चित्रीकरण प्रत्यक्ष त्याच राजवाड्यात झाले. १९१७च्या उठावाचे एक नेते निकोलाय पॉद्वोइस्की यांनी स्वतःचीच भूमिका केली. तरीही फाटकावर चढत जाणारा तो अफाट जनसमुदाय त्या रात्री नव्हता. शहरातील पूल, स्थानके, टेलिफोन केंद्र आधीच ताब्यात आले होते. जुन्या कालगणनेनुसार २५ ऑक्टोबरच्या रात्री लहान तुकड्या राजवाड्यात शिरल्या, प्रतिकार ढासळला आणि पहाटे हंगामी सरकारचे मंत्री पकडले गेले. दृश्यातील धाव या घटनेपेक्षा निकोलाय येव्रेइनॉव्ह यांनी १९२० साली त्याच चौकात हजारोंच्या सहभागाने सादर केलेल्या नाट्यप्रयोगाला अधिक जवळची आहे.

‘कलात्मक सत्य’ या संज्ञेने ही तफावत झाकता येत नाही; कारण तिला निश्चित दिशा आहे. संघटित सत्ताग्रहणाचे रूपांतर येथे उत्स्फूर्त जनउठावात होते. दुसरीकडे, १९२७ मध्ये त्रोत्स्की सत्तेबाहेर फेकले गेल्यावर त्यांची दृश्ये कापावी लागली. समुदायाची भर आणि संघटकाची वजाबाकी या दोन्ही क्रिया एकाच वाक्याचा कर्ता बदलतात.

म्हणून अचूकतेचा प्रश्न तपशिलाचा नसून कर्तृत्वाचा आहे. लढाई कोणी केली, कोणाच्या निर्णयाने, आणि विजय कशामुळे मिळाला, याचे जे उत्तर दृश्य आपल्या रचनेतून देते, तेच तपासावयास हवे. बिनचूक बंदुकाही खोट्या कर्त्याच्या हाती देता येतात.

हा आग्रह केवळ तात्त्विक नाही. या चित्रपटातील स्थिरचित्रे पुढे १९१७ची छायाचित्रे म्हणून छापली गेली. ज्या पुराव्याच्या आधारे दृश्य पारखावयाचे, त्या पुराव्याची जागा दृश्यानेच घेतली. अशा वेळी समीक्षकाने दृश्याची साक्ष नोंदवून भागत नाही. त्याची उलटतपासणीही करावी लागते.