पुढच्या भागाची वाट

मराठी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर बहुधा एक यादी असते : 'याच लेखकाची इतर पुस्तके'. तिच्या तळाशी कधीकधी एखाद्या नावापुढे 'आगामी' असं छापलेलं असतं. त्यांतली काही नावं पुढच्या आवृत्तीत वर सरकतात, काही वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम करतात आणि काही गुपचूप गळून जातात. गळलेल्यांची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात कुणी ठेवत नाही. वाचकाच्या डोक्यात मात्र ती राहते. आवडत्या लेखकाचं न आलेलं पुस्तक आपण मनातल्या मनात वाचतच असतो, आणि प्रत्यक्ष पुस्तक आलं की ते आधी या मनातल्या पुस्तकाशी ताडून पाहिलं जातं. समीक्षेनं या गोष्टीचा फारसा विचार केलेला नाही. तो करायला हवा असं वाटण्याचं माझं कारण म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू'.

कालक्रम सर्वांना माहीत आहे, तरी एकदा मांडतो. 'कोसला' १९६३ची, लेखक तेव्हा पंचविशीचा. मग बारा वर्षांनी चांगदेव पाटीलचं चतुष्टय सुरू झालं : 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि १९७९मध्ये 'झूल'. पुढची कादंबरी, 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ', २०१०मध्ये. मध्ये एकतीस वर्षं. ज्यानं विसाव्या वर्षी 'झूल' वाचली तो 'हिंदू' हातात घेताना पन्नाशी ओलांडून गेलेला. या काळात नेमाडे गप्प बसले होते असं अजिबात नाही. 'टीकास्वयंवर' आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'देखणी'तल्या कविता आल्या. देशीवादावर महाराष्ट्रभर वाद झाले, महाविद्यालयांतल्या चर्चासत्रांना विषय मिळाले. पण कादंबरीच्या वाचकाच्या हिशेबी हे सगळं व्याज होतं, मुद्दल बाकीच होती.

इथे एक गोष्ट लक्षात येते. कादंबरी येईपर्यंत तिचं तत्त्वज्ञान आधीच येऊन बसलं होतं. देशीवाद मान्य असलेला वाचक आणि अमान्य असलेला वाचक, दोघांनीही 'हिंदू' उघडण्यापूर्वीच ती कशी असणार हे ठरवलेलं होतं. त्यात नावही असं की पुस्तक न वाचता त्यावर बोलता यावं. लोक बोललेही. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या शेवटच्या आजारपणाची खबर मिळून मोरगावी परततो आणि त्या वाटेवर थर उकरत जातो, ही कादंबरीची साधी चौकट. गावगाडा, शेतीची मोडतोड, घरातल्या बायकांच्या बोलण्यातून वाहत येणारा काही पिढ्यांचा इतिहास ही या पुस्तकाची खरी पुंजी आहे. पण सुरुवातीच्या परीक्षणांत आणि वादांत ही पानं फार थोडी दिसली. आम्ही पांडुरंग सांगवीकराची वाट पाहत होतो आणि आला खंडेराव. पहिला पंचविशीतल्या पोरानं स्वतःला फाडत लिहिलेला, दुसरा बहात्तर वर्षांच्या माणसानं खानदेश मांडीवर घेऊन सांगितलेला. दोघांकडून एकच गोष्ट मागणं हा अन्याय आहे, आणि तो सरसकट झाला.

माझ्या मते 'हिंदू'चे दोष वेगळे आहेत. जिथे खंडेराव चर्चा करू लागतो तिथे कादंबरी 'टीकास्वयंवर'च्या लेखकाच्या ताब्यात जाते. माणसं मतं होतात, आणि मतांची भांडणं लेखकाला आधीच जिंकलेली असतात. मोरगावच्या अंगणात परत आलं की ती पुन्हा श्वास घेते. सहाशे पानांत हे आलटूनपालटून चालतं, आणि ज्याला ते खपतं त्याला पुस्तक खपतं. मला दोन-तृतीयांश खपलं. ते दोन-तृतीयांश गेल्या पन्नास वर्षांतल्या मराठी गद्यात मी बरंच वर ठेवीन.

खरा पेच पुढे आहे. 'हिंदू' ही चतुष्टयाचा पहिला भाग म्हणून सांगितली गेली. झालं! कुठल्याही आक्षेपाला उत्तर तयार : पुढचे भाग येऊ द्या. खंडेराव शेवटी कुठेच पोचत नाही? पुढच्या भागात पोचेल. अमुक पात्र अर्ध्यात सोडलंय? पुढे येईल. समीक्षक म्हणून हे सोयीचं असतं, निर्णय लांबणीवर टाकता येतो. चाहता म्हणून तर फारच सोयीचं. इंग्रजीत जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या गाथेचा पाचवा खंड २०११मध्ये आला आणि सहाव्याची वाट पाहताना वाचक लेखकाच्या तब्येतीची चौकशी करू लागले, तसला उद्धटपणा मराठीत सहसा होत नाही. आपल्याकडे आदरानं गप्प बसतात. पण त्या आदराचा परिणाम असा की मोठ्या लेखकाचं मोठं पुस्तक अनेक वर्षं 'तूर्तास' या शेऱ्याखाली पडून राहतं.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' आठवा. १९८५मध्ये रंगभूमीवर आलेलं हे नाटक एकट्यानं उभं राहिलं, एकटंच वाचलं आणि पाहिलं गेलं, त्यावर पूर्ण नाटक म्हणून लिहिलं गेलं. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' नंतर आली आणि १९९४मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं मिळून नऊ तासांचा प्रयोग केला, तेव्हा पहिल्या नाटकाचा अर्थ वाढला. तो आधी अडून बसलेला नव्हता. 'हिंदू'ही अशीच वाचायला हवी. दुसरा भाग आला तर अर्थ वाढेल, आणि वाढू द्यावा.

अरुण कोलटकरांनी तर 'आगामी' असं काही छापलंच नाही. इंग्रजी 'जेजुरी' १९७६मध्ये, मराठीतला पहिला संग्रह 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७मध्ये. त्यानंतर मराठी पुस्तक म्हणून पाव शतक काही नाही. कवी संपला असं धरून चालणारे होते, आख्यायिका सांगणारे त्याहून जास्त. आणि मग एखाद्या नळाला मध्यरात्री पाणी यावं तसं झालं. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानं 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' लागोपाठ काढली, इंग्रजीतून 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र' आली, आणि सप्टेंबर २००४मध्ये कोलटकर गेले. वाट पाहणं आणि निरोप घेणं या दोन गोष्टींसाठी वाचकाला मिळून वर्ष-दीड वर्ष मिळालं. 'भिजकी वही'सारखं जाडजूड पुस्तक, ज्यात हायपेशिया, कण्णगी, कॅसँड्रा, नादेज्दा मांदेलश्ताम अशा देशोदेशींच्या बायका आपापली आसवं घेऊन येतात, ते शोकाच्या वातावरणातच वाचलं गेलं. त्या शोकानं त्याचं नुकसान केलं असं मी म्हणणार नाही, पण त्यातला खट्याळपणा दिसायला लोकांना वेळ लागला. इथे पुस्तकाची अपेक्षाच नव्हती, म्हणून जुन्या कोलटकरांशी तुलना करायची घाई तरी कुणी केली नाही. हे एक सुखच.

किरण नगरकरांच्या बाबतीत आम्ही एका भाषेची वाट पाहिली. 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४ची. तिनं मराठी वाक्य इतकं हलवून सोडलं की दुसरी मराठी कादंबरी येणारच असं गृहीत होतं. 'रावण अँड एडी'ची सुरुवात मराठीत झालीही होती; पूर्ण झाली ती इंग्रजीत, १९९५मध्ये. मग 'ककोल्ड', आणि रावण-एडीचे पुढचे दोन भागही इंग्रजीतच. मराठी वाङ्मयव्यवहारानं यावर जो अबोला धरला तो मला आजही बालिश वाटतो. घरातला मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला गेला म्हणून त्याचं पत्र फोडायचं नाही, असला हा प्रकार. २०१९मध्ये नगरकर गेले आणि दुसऱ्या मराठी कादंबरीचा विषय मिटला. पण तोवर 'रावण अँड एडी'तली चाळ मराठी वाचकानं मराठी कादंबरी म्हणून वाचायला हवी होती. त्या चाळीतली माणसं कुठल्या भाषेत भांडतात हे इंग्रजी वाक्याखालून ऐकू येतं.

अनुवादावर अवलंबून असणाऱ्या वाचकाची प्रतीक्षा आणखी निराळी. 'कोसला' इंग्रजीत 'ककून' या नावानं पोचायला १९९७ उजाडलं, चौतीस वर्षं. 'हिंदू' हिंदीत त्या मानानं झटपट गेली, नाव झालं 'हिन्दू : जीने का समृद्ध कबाड़'. अनुवादकाला दोष देत नाही, दुसरा शब्द मलाही सुचत नाही. पण अडगळ माळ्यावर असते. मोडका पाळणा, आजीची सुपली, तडा गेलेला रांजण. ठेवायला जागा नसते आणि टाकवत नाही. कबाड़ म्हटलं की दारात हातगाडी उभी राहते, वजनकाटा निघतो. एकात साठवण आहे, दुसऱ्यात विक्री. कादंबरीचा सगळा तोल 'समृद्ध' या विशेषणावर आहे, आणि अडगळीला ते शोभतं, कबाड़ाला ते उपरोधानं चिकटतं. त्यामुळे अलाहाबादेत किंवा भोपाळमध्ये कुणी दुसऱ्या भागाची वाट पाहत असेल, तर तो सभ्यतेच्या भंगाराचा पुढचा हिशेब मागत असणार. जळगावातला वाचक माळ्यावरची पुढची पेटी खाली काढण्याची वाट पाहतो आहे.