दुसरी वही

ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक भूक निर्देशांक प्रसिद्ध झाला. १२५ देशांत भारताचा क्रमांक १११वा लागला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने निर्देशांकच सदोष असल्याचे पत्रक काढले. त्यातला एक मुद्दा असा : निर्देशांकात उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे लुकड्या, बालकांचे प्रमाण १८.७ टक्के धरले आहे. सरकारच्या पोषण ट्रॅकरवर मात्र ते महिनोन्‌महिने ७.२ टक्क्यांच्या आतच राहिले आहे.

निर्देशांकाच्या रचनेवर घेतले गेलेले काही आक्षेप मलाही पटतात. भूक मोजण्याच्या नावाखाली त्यात मुख्यतः बालकांचे पोषण आणि बालमृत्यूच मोजले जातात, हे खरेच आहे. पण इथे माझा विषय तो नाही. परक्यांचा आकडा बाजूला ठेवला तरी सरकारचाच दुसरा एक आकडा उरतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील १९.३ टक्के मुले लुकडी आढळली; महाराष्ट्रात २५.६ टक्के. एकाच सरकारचे दोन आकडे, आणि एक दुसऱ्याच्या अडीचपटीहून मोठा. वाद परदेशी संस्थेशी घातला गेला. घरातल्या या दोन आकड्यांची समोरासमोर गाठ घालून द्यावी, असे फारसे कोणाला वाटले नाही.

फरकाची काही कारणे सरळ आहेत. पाहणीत घरे नमुना पद्धतीने निवडली जातात. ट्रॅकरवर अंगणवाडीत नाव असलेली आणि त्या महिन्यात मोजली गेलेली मुलेच येतात. ऊसतोडीला गेलेल्या किंवा वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबाचे मूल पहिल्या पद्धतीतही निसटू शकते, दुसऱ्या पद्धतीत तर सहजच निसटते. ऋतूंचाही फरक पडतो. एवढे सगळे मान्य करूनही अडीचपटीचा हिशेब लागतो असे मला वाटत नाही. उरलेला फरक शोधायचा तर मोजणी जिथे होते तिथे जायला हवे.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे निजवून मोजतात. एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ करायचे आणि तळव्याला पट्टी लावायची. अंगणवाडीत हे काम सेविका आणि मदतनीस करतात. मदतनीस आहार शिजवत असेल तर सेविका आणि मुलाची आई. मूल रडते, पाय आखडते. गुडघे पुरते सरळ झाले नाहीत तर लांबी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने कमी भरते. वजन तेवढेच, लांबी मात्र कमी, म्हणून तक्त्यावर तेच मूल अंगाने भरलेले दिसते. लुकडेपणा झाकला जातो आणि त्याच वेळी खुजेपणा वाढलेला दिसतो. यात कोणाचाही खोटेपणा नाही, नुसती घाई आहे. तीव्र कुपोषित (सॅम) आणि मध्यम कुपोषित (मॅम) यांच्यातली सीमारेषा इतकी बारीक आहे की एवढ्याशा चुकीने मूल रेषेच्या अलीकडचे पलीकडे जाते.

घाईने झालेली चूक आणि धोरणाने झालेली चूक यांत फरक आहे, आणि नोंदवही वाचताना तो ओळखू येतो. गेली काही वर्षे मी अशा वह्या वाचतो आहे. कादंबरी वाचावी तशी सलग, पानामागून पान. पहिल्यांदा वजनांचा शेवटचा अंक पाहावा. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर शून्यापासून नवापर्यंतचे अंक कमीअधिक सारख्या संख्येने यायला हवेत. पान भरून .० आणि .५ दिसले की वजन काट्यावरून नव्हे, अंदाजाने उतरले आहे असे समजावे. मग एकेका मुलाची ओळ आडवी वाचावी. पावसाळ्यात जुलाब होतात, तापाची साथ येते, आणि मुलांची वजने घटतात. ज्या वहीत जुलै-ऑगस्टमध्ये एकाही मुलाचे वजन घटत नाही, दर महिन्याला ठरावीक शंभर-दोनशे ग्रॅमची भर पडत जाते, ती वही एका बैठकीत लिहिलेली असते. अशा वह्यांत अक्षर फार सुंदर असते, खाडाखोड नसते, आणि अशाच वह्यांवर मी ‘तपासले’ असा शेरा हमखास पाहिला आहे.

म्हणून सेविकेला दोष देऊन मोकळे होता येत नाही. आढावा बैठकीत ज्या बीटमध्ये सॅम मुले वाढलेली दिसतात तिथल्या पर्यवेक्षिकेला उभे करतात आणि विचारतात, “तुमच्याकडेच एवढी कशी?” ती खाली येऊन सेविकेला तेच विचारते. सॅमची नोंद करणे म्हणजे स्वतःवर काम ओढवून घेणे : ग्राम बालविकास केंद्रात मूल दाखल करायचे, दिवसातून अनेक वेळा खाऊ घालायचे, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे असेल तर शेतमजुरी बुडवून तिथे राहायला आईची मनधरणी करायची. तेच मूल मॅम लिहिले तर कोणी काही विचारत नाही. मानधनावर राबणारी बाई जिथे खरे लिहिल्याबद्दल धारेवर धरली जाते आणि सोयीचे लिहिल्याबद्दल शाबासकी मिळवते, तिथे आकडा कुठल्या दिशेने सरकेल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. मॅम लिहिलेल्या त्या मुलाला मात्र उपचार मिळत नाहीत, कारण वहीप्रमाणे त्याची गरज नसते.

या दुखण्यावरचा उतारा आपल्याच देशात फार पूर्वी शोधला गेला आहे. कलकत्त्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या हद्दीतील जन्ममृत्यूंच्या नोंदींवर सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये एक निबंध लिहिला. कल्पना सोपी आहे. एकाच गावातल्या घटनांच्या दोन वह्या दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता भरायच्या आणि मग ताडून पाहायच्या. समजा, गावातल्या नोंदणीदाराच्या वहीत ४० मृत्यू आहेत, घरोघर फिरलेल्या पाहणीदाराच्या वहीत ४५, आणि दोन्हींत सापडणारे ३६. म्हणजे ४ फक्त पहिल्याला कळले, ९ फक्त दुसऱ्याला. मग दोघांनाही न कळलेले किती? ४ गुणिले ९, भागिले ३६ : एक. एकूण मृत्यू ५०. जो मृत्यू कोणीच लिहिला नाही त्याचाही अंदाज बांधता येतो.

हे गणित एकाच अटीवर चालते : दोन वह्या परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. दुसऱ्याने पहिल्याची वही समोर ठेवून आपली भरली तर दोन्ही तंतोतंत जुळतात आणि सुटलेल्या घटनांची संख्या शून्य येते. आढावा बैठकीत ही जुळणी उत्तम कामाचा पुरावा ठरेल. चंद्रशेखरन-डेमिंगच्या दृष्टीने मात्र तिथे दुसरी वही झालेलीच नसते.

याच जातीच्या विचारावर आपली नमुना नोंदणी पद्धती उभी आहे. १९६९-७० पासून ती देशभर चालते. बालमृत्युदराचे जे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात ते तिच्यातले. गावातला अर्धवेळ गणक वर्षभर जन्ममृत्यू टिपतो; दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघर जातो; जे जुळत नाही ते पुन्हा गावात जाऊन तपासतात. इथे न जुळणे हा गुन्हा नाही, पद्धतीने ते गृहीतच धरले आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला तेव्हा नोंदींची रचना याच धर्तीची होती : गावात राहणारा माणूस जन्ममृत्यू टिपायचा आणि सहामाही घरोघरच्या पाहणीत निसटलेल्या घटना शोधल्या जायच्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे मांडले होते, आणि ३९ गावांची तुलना ४७ गावांशी केली होती. सेवेबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मोजणीबद्दल त्या मानाने कमी. पण जन्मून तासाभरात गेलेले बाळ ‘उपजतच मेलेले’ म्हणून लिहिले की बालमृत्यू एकाने कमी होतो, हे ज्या खात्यात सर्वांना ठाऊक असते तिथे ६२ टक्क्यांवर विश्वास बसायला मोजणी अशीच लागते. पुढे २०११ पासून आशांमार्फत ही सेवा देशभर नेली गेली. गृहभेटींचे प्रपत्र भरले की आशेला २५० रुपये मिळतात. भेटी देणारीही तीच आणि त्या दिल्याचे लिहिणारीही तीच. प्रयोगातली सेवा धोरणात आली, दुसरी वही गडचिरोलीतच राहिली.

‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाचेही पुनर्वाचन इथे करायला हवे. १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू मोजले आणि राज्यात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके दगावतात असा अंदाज मांडला. या अंदाजावर माझा आक्षेप आहे : संस्थांची कार्यक्षेत्रे हा राज्याचा यादृच्छिक नमुना नव्हे, आणि त्यावरून राज्याची बेरीज काढताना गृहीतकांवर फार भार पडतो. परंतु सरकारी नोंदीत बहुसंख्य बालमृत्यू येतच नाहीत, हा अहवालाचा दुसरा निष्कर्ष त्या आक्षेपाने हलत नाही. त्यासाठी राज्याचा नमुना लागत नाही, त्याच गावांची दुसरी वही पुरते. चर्चा पावणेदोन लाखांभोवती फिरत राहिली, कारण मोठ्या आकड्यावर भांडणे सोपे असते.

आता मोबाइल आले. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले. फोन तापतात, बंद पडतात, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. बातम्यांत ही तंत्रज्ञानाला विरोध करण्याची गोष्ट म्हणून आली. मला ती वाचकाची तक्रार वाटते : जी भाषा येत नाही त्या भाषेत भरलेल्या माहितीला मी जबाबदार कशी? पुढे घरपोच आहार घेणाऱ्या आईचा चेहराही ट्रॅकरवर ओळखून घेण्याची व्यवस्था झाली. आहार कोणी नेला हे यंत्र आता नीट तपासते. मुलाचे वजन खरे लिहिले का, याची तपासणी मात्र पूर्वीइतकीच दुबळी आहे, फक्त आकडा दिल्लीला त्याच दिवशी पोचतो.

शेजारच्या बीटमधल्या सेविकेने, पहिली वही न पाहता, दर महिन्याला शंभरातली पाच मुले चिठ्ठ्या टाकून निवडून पुन्हा मोजावीत, असे मी सुचवीन. फरक निघाला तर तो जिल्ह्याच्या आकड्याची दुरुस्ती करायला वापरावा. कोणाच्याही नावापुढे मांडू नये, नाहीतर दोघी संगनमत करतील आणि त्यांचे चुकणार नाही. खर्च फार नाही. चाळीस मुलांच्या अंगणवाडीत महिन्याला दोन मुले होतात.