दशावतारी रंगभूमीवरील शस्त्रधारिणी

शौर्य हा गुण पुरुषाचा कीं स्त्रीचा, हा प्रश्न केवळ तर्काचा असता तर त्याचें उत्तर कठीण नव्हतें. परंतु कथा सांगणारापुढें तो येतो तेव्हां अडचण उत्पन्न होते. हातीं तरवार घेतलेली स्त्री पाहणें लोकांस आवडतें. मात्र कथा संपतांना ती तरवार तिच्याच हातीं राहावी हें फारच थोड्यांस रुचतें. लोकांची आवड आणि लोकांची रूढि या दोहोंमधून वाट काढण्यासाठीं कथाकारांनीं ज्या युक्त्या योजिल्या, त्यांचा विचार दक्षिण कोंकणांतील दशावतारी नाटकांच्या अनुषंगानें करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सावंतवाडी तालुक्यांत तेरेखोल नदीच्या कांठीं आरोंदा हें गांव आहे. नदीच्या पलीकडे गोव्याचा पेडणें तालुका. गांवाचें दैवत श्रीदेवी सातेरी-भद्रकाली. सातेरी ही वारुळाच्या रूपानें पूजिली जाणारी भूमिदेवता. या प्रांतांतील तिच्या अनेक देवळांत महिषासुरमर्दिनीची मूर्ति आढळते. भद्रकालीचें तर नांवच रणांगणाची आठवण करून देणारें आहे. अशा सशस्त्र देवतांच्या राखणीखालीं नांदणाऱ्या या भागांत कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि दशावतारी मंडळ्या आपले पेटारे घेऊन गांवोगांव फिरूं लागतात. देवळाच्या आवारांत रात्रभर नाटक चालतें व पहाटे दहीकाल्यानें त्याची सांगता होते.

या नाटकाची घडण वाचकांस ठाऊक असेलच. तरी आमच्या मुद्यास आवश्यक तेवढी येथें सांगतों. आरंभीं गणपति, सरस्वती, संकासुर इत्यादिकांचा आडदशावतार होतो, आणि मग मुख्य आख्यान लागतें. आख्यानाची संहिता लिहिलेली नसते. कोणतें कथानक करावयाचें व कोणी कोणती भूमिका घ्यावयाची हें ठरलें, कीं पुढील भाषणें नटानें रंगभूमीवर उभें राहून आपल्या बुद्धीनें करावयाचीं. नेपथ्य म्हणजे बहुधा एक बांकडें. तेंच सिंहासन, तेंच पर्वत. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. सर्व भूमिका परंपरेनें पुरुषच करीत आले आहेत. आज एका गांवीं एक आख्यान तर उद्यां दुसऱ्या गांवीं दुसरें, पण वीर तेच, देव तेच आणि राक्षसहि तेच. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही एक अखंड साहसकथामालाच आहे असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

दशावतारांतील युद्ध हें युद्धापेक्षां नृत्यास अधिक जवळचें असतें. दोन वीर समोरासमोर येतात, पखवाजाची लय वाढते, तरवारी डोक्यावरून गरगर फिरतात आणि पावलें बोलूं लागतात. स्त्रीभूमिका करणारा नट या प्रसंगीं काय करतो तें बारकाईनें पाहावें. घटकेपूर्वीं लज्जेनें वांकलेली त्याची मान ताठ होते, पदर कंबरेस खोंवला जातो आणि आवाजांतील मार्दव निघून जातें. मात्र या सर्वांत तो पुरुष होत नाहीं; स्त्री राहूनच तो उग्र होतो. ही साधना मोठी आहे, आणि तिला द्यावें तितकें श्रेय थोडेंच. पुरुषानें स्त्रीभूमिका करावी कीं नाहीं या जुन्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमची तक्रार नटाच्या अंगविक्षेपांविषयीं नसून त्याला मिळणाऱ्या कथेविषयीं आहे.

कथेंतील कोणत्याहि शस्त्रधारिणीस दोन प्रश्न विचारावे: तूं शस्त्र कां उचललेंस? आणि तें खालीं कोणीं ठेवविलें? पुरुष वीराच्या बाबतींत पहिल्या प्रश्नाचें उत्तर नाटक विस्तारानें देतें. राज्य, धर्म, पित्याची आज्ञा, मित्राचें वचन अशीं कारणें तो मोठमोठ्या भाषणांतून सांगतो. स्त्रीच्या बाबतींत मात्र कारणाच्या जागीं बहुधा स्वभाव पुढें केला जातो: ती गर्विष्ठ आहे, मत्सरी आहे, सूडानें पेटली आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून या स्त्रियांचे तीन वर्ग पडतात: देवी, राक्षसी आणि राजकन्या.

देवीचें शस्त्र कोणीच खालीं ठेववीत नाहीं. सप्तशतींतील कथा या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. शुंभाचा दूत देवीकडे विवाहाची मागणी घेऊन येतो, तेव्हां ती सांगते कीं संग्रामांत जो मला जिंकील तोच माझा पति होईल. पुढें काय होतें तें सर्वश्रुत आहे. शुंभ आणि निशुंभ मरतात, कोणी जिंकीत नाहीं, आणि विवाहाचा प्रश्न उरत नाहीं. पण पण लावूनहि अविवाहित व अजिंक्य राहण्याचा हा अधिकार देवीचा. तो मानवी स्त्रीस मिळूं नये याची दक्षता बाकीच्या कथा घेतात.

राक्षसीचें शस्त्र मृत्यूच खालीं ठेववितो. त्राटिकेचें उदाहरण घ्या. रंगभूमीवर ती येते ती आरोळ्या ठोकीत. मुलें भितात, मोठीं माणसें हंसतात, आणि रामाचा बाण लागला कीं सर्वांस हायसें वाटतें. परंतु वाल्मीकीच्या बालकांडांत ही स्त्री मूळची यक्षकन्या आहे. अगस्त्यामुळें तिचा पति सुंद मरण पावतो, ती पुत्रासह ऋषीवर धांवून जाते, आणि त्याच्या शापानें तिला विक्राळ रूप येतें. म्हणजे तिच्या क्रोधास कारण आहे. इतकेंच नव्हे, तर स्त्रीवर बाण सोडण्यास रामहि कचरतो, व विश्वामित्रास त्याची समजूत घालावी लागते. कवीनें ठेवलेला हा संकोच आणि हें कारण, दोन्ही रंगभूमीवर गळून जातात व उरतो तो केवळ एक भयंकर मुखवटा. कारण सांगितल्यानें त्राटिका निर्दोष ठरणार नाहीं. पण तिचा वध हा एक प्रसंग होईल, नुसता देखावा राहणार नाहीं.

तिसरा वर्ग राजकन्यांचा, आणि खरी मौज येथेंच आहे. जैमिनीच्या अश्वमेधांत युधिष्ठिराचा घोडा देशोदेशीं फिरत स्त्रीराज्यांत जातो. तेथील राणी प्रमिला तो धरते आणि मागून आलेल्या अर्जुनाशीं युद्ध करते. अर्जुनास ती आवरत नाहीं. तेवढ्यांत आकाशवाणी होते कीं हिला तूं जिंकूं शकणार नाहींस, हिच्याशीं विवाह कर. अर्जुन तें मान्य करतो, प्रमिला हस्तिनापुराकडे जाते आणि घोडा पुढें चालूं लागतो. वाचकांनीं क्षणभर थांबून या निकालाचा विचार करावा. युद्धांत हरली कोण? रणांत कोणीहि नाहीं. पण राज्य गेलें कोणाचें? पुरुष राजा असा अजिंक्य ठरला असता तर त्याच्याशीं सख्य झालें असतें व तो आपल्या सिंहासनावर राहिला असता. प्रमिला अजिंक्य ठरली म्हणूनच तिला सिंहासन सोडावें लागलें. सप्तशतींत देवीनें जो पण लावला, तोच येथें उलटला आहे. जिंकतां न आलेली स्त्री वरतां मात्र आली.

ही युक्ति केवळ आमच्याकडची नव्हे. मदुरेची मीनाक्षी दिग्विजय करीत कैलासापर्यंत जाते. तिला जन्मतः तीन स्तन असतात, व भावी पति दृष्टीस पडतांच तिसरा नाहींसा होईल अशी भविष्यवाणी असते. शिव समोर येतो, तसेंच घडतें, आणि युद्ध तेथेंच थांबतें. कानडी यक्षगानांत ‘मीनाक्षी कल्याण’ हा प्रसंग याच कथेवर उभा आहे. शौर्य हें जणूं स्त्रीच्या देहांतील एक अधिक अंग, आणि पतिदर्शन हा त्यावरील उपाय!

याच अश्वमेधांत ज्वाला नांवाची एक राणी आहे. तिचा पुत्र अर्जुनाच्या युद्धांत पडतो, पण पति नीलध्वज शत्रूशीं तह करतो. ज्वाला भावाकडे जाऊन साह्य मागते. तोहि नकार देतो. अखेर ती अग्निप्रवेश करून बाण होते आणि बभ्रुवाहनाच्या भात्यांत शिरते. त्याच बाणानें पुढें अर्जुन पडतो. पुत्रशोक हें युद्धाचें केवढें न्याय्य कारण! तरी कथेनें या मातेच्या हातीं धनुष्य दिलें नाहीं. तिला स्वतः बाण व्हावें लागलें, आणि तो सोडावयास पुन्हां एक पुरुष लागला. या एका कल्पनेंत स्त्रीच्या शौर्याविषयींची आमची सारी अडचण सांठविलेली आहे.

कोणी म्हणेल, हीं जुनीं पुराणें. आजच्या जगांत असें नाहीं. त्यांस आम्ही आजच्या मुलांकडे पाहावयास सांगतों. ज्या घरांतील वडील माणसें जत्रेस जातात, त्याच घरांतील मुलें जपानी चलच्चित्रमालिका पाहतात. त्यांपैकीं ‘ड्रॅगन बॉल’ ही १९८६ सालीं सुरू झाली. तींत ची-ची नांवाची राजकन्या नांव लपवून मल्लयुद्धाच्या स्पर्धेंत उतरते, नायक गोकूशीं लढते, हरते, आणि तेथल्या तेथें त्यांचा विवाह ठरतो. पुढील भागांत तीच ची-ची मुलाच्या अभ्यासाची काळजी करणारी गृहिणी झालेली दिसते. अठरा क्रमांकाची यंत्रकन्या मोठमोठ्या वीरांस लोळविते, पण तीहि अखेर एका वीराची पत्नी होऊन मागें सरते. १९९९ पासून चाललेल्या ‘वन पीस’ या मालिकेंत स्त्रिया पुष्कळ व पराक्रमी आहेत; परंतु त्यांची जोडी बहुधा स्त्रियांशींच लावली जाते, आणि नायकाचा एक साथी तर स्त्रीवर हात न उगारण्याचें व्रतच घेऊन बसला आहे. हस्तिनापुरास पाठविलेली प्रमिला आणि स्वयंपाकघरांत पाठविलेली ची-ची यांत अंतर सहस्र कोसांचें, आकाशवाणी एकच.

आतां मुख्य आक्षेपाचा विचार करूं. पुराणकथा बदलतां येत नाहीं, असें कांहीं रसिक म्हणतील. यास पहिलें उत्तर असें कीं ती नेहमींच बदलत आली आहे. महाभारतांतील चित्रांगदा योद्धी नाहीं. रवींद्रनाथांनीं १८९२ च्या आपल्या नाट्यकाव्यांत तिला धनुर्धारिणी केलें आणि अखेरीस तिच्या खऱ्या रूपानिशीं अर्जुनापुढें उभें केलें. भागवतांत नरकासुरवधाच्या वेळीं सत्यभामा कृष्णाबरोबर गरुडावर बसून जाते, एवढेंच. तेलुगू कवि पोतनानें तिच्या हातीं धनुष्य देऊन तिला प्रत्यक्ष लढविलें. गोव्यांत आणि सिंधुदुर्गांत दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात; त्या वेळीं सत्यभामेची आठवण किती जणांस होते? दुसरें उत्तर खुद्द दशावतारापाशींच आहे. ज्या रंगभूमीनें अलीकडे काल्पनिक आख्यानें रचलीं आणि ‘ट्रिकसीन’चे चमत्कार आपलेसे केले, तिनें परंपरेचें कारण पुढें करावें हें शोभत नाहीं.

शिवाय आम्ही कथानक बदला असें म्हणतच नाहीं. प्रमिलेचा विवाह होऊं द्या. त्राटिकेचा वधहि होऊं द्या. परंतु या रंगभूमीवर भाषण नटाच्या स्वाधीन आहे, आणि लिहिलेल्या नाटकांस दुर्लभ असें हें सामर्थ्य आहे. अर्जुनापुढें उभ्या राहिलेल्या प्रमिलेनें ‘माझ्या राज्यांत न विचारतां आलेला घोडा मीं कां सोडावा?’ एवढा एक प्रश्न विचारला, तर तें गर्विष्ठ स्त्रीचें बोलणें न राहतां राज्यकर्त्या स्त्रीचें बोलणें होईल. आकाशवाणीनंतर तिनें क्षणभर स्तब्ध राहून आपल्या तरवारीकडे पाहिलें, तर सांगण्यास कांहीं उरणार नाहीं. त्राटिकेनें मरतांना सुंदाचें नांव घेतलें, तर रामाच्या यशास बाध न येतां मंडपांतील हंसें आपोआप थांबेल. हें सर्व करण्यास संहिता नको, कीं नवा पोशाख नको. कसलेला नट आणि त्याचा थोडा विचार, इतकें पुरें.

सिंधुदुर्गांत अलीकडे स्त्रियांनींहि दशावताराचे प्रयोग करण्यास आरंभ केला आहे. त्याचें आम्ही स्वागत करतों. मात्र एक सूचना करावीशी वाटते. स्त्रीनें रंगभूमीवर येऊन पूर्वीचींच भाषणें म्हटलीं, तर बदलेल तो नट, भूमिका नव्हे. पुरुषांनीं उत्तम वठविलेल्या या शस्त्रधारिणींस आजवर जें मिळालें नाहीं तें, म्हणजे शस्त्र उचलण्याचें कारण, त्यांनीं मिळवून द्यावें.

जत्रेच्या रात्रीं पुढच्या रांगेंत मुली बसलेल्या असतात. गाभाऱ्यांत शस्त्र धारण केलेली देवी, आणि आवारांत शस्त्र टाकून बोहल्यावर चढणारी राणी, अशा दोन मूर्ति त्यांस एकाच देवळांत दिसतात. पहिलीस त्या नमस्कार करतात. दुसरीसारखें वागावें असें त्यांस सांगितलें जातें. या दोन मूर्तींमधील अंतर एका रात्रींत नाहींसें होणार नाहीं. परंतु तें कमी करण्याचें साधन जर कोणाच्या हातीं असेल, तर तें गाभाऱ्यासमोर उभ्या राहून पहाटेपर्यंत बोलणाऱ्या त्या नटाच्या हातीं आहे.