कर्ता नसलेली वाक्यं

आईच्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. पहिली साठेक पानं लोणची, मसाले आणि फराळाची प्रमाणं. मग एकदम विषय बदलतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मासिकांतून कापलेले लेख चिकटवलेले, मधेमधे व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर तिने हाताने उतरवून घेतलेला. सगळ्यांचा विषय रजोनिवृत्ती आणि तिच्यावरचे नैसर्गिक उपाय. असे अकरा लेख. त्यातले तीन मीच तिला फॉरवर्ड केले होते, न वाचता.

गेल्या हिवाळ्यात आई दवाखान्यात होती, तेव्हा तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मी ते अकराच्या अकरा लेख वाचले. कथा-कविता वाचतात तसे वाचले. माझं शिक्षण तेवढंच आहे. आणि खरं सांगायचं तर मराठीत कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती खपायची मारामार, पण हे लेख कात्री लावून जपले जातात, लाल पेनने अधोरेखित होतात, बहिणीला वाचून दाखवले जातात. इतक्या मनापासून वाचल्या जाणाऱ्या लेखनाची समीक्षा कुणी करत नाही, हे मला विचित्र वाटतं.

आधी व्याकरण. हे लेख जवळजवळ संपूर्ण विध्यर्थात लिहिलेले असतात. मेथीदाणे रात्री भिजत घालावेत. जवसाची चटणी जेवणात असावी. नाचणीची भाकरी खावी, चहा कमी करावा, चाळीस मिनिटं चालावं, प्राणायाम करावा, राग टाळावा. वाक्यात कर्ता नाही. शाळेत आपण शिकलो की अशा वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागतो: तिने घालावेत, तिने करावी. इथे ती ‘तिने’ गळून पडलेली आहे, आणि गळली तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही, कारण मेथी भिजत कोण घालणार हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

कर्ता एकाच ठिकाणी सापडतो, बहुतेक शेवटच्या परिच्छेदात: कुटुंबीयांनी तिला समजून घ्यावं. मी मोजलं. एका लेखात तिच्यासाठी चौदा कामं होती आणि बाकीच्या घरासाठी हे एक क्रियापद. समजून घेण्यासाठी सोफ्यावरून उठावं लागत नाही.

आई पतसंस्थेत नोकरी करते. सव्वाआठची एसटी. हे लेख येण्याआधी ती पाचला उठायची, नंतर साडेचारला उठू लागली. एका लेखात पहाटे उठून चालायला सांगितलं होतं आणि त्याच लेखात आठ तास झोपही सांगितली होती. रात्री घाम फुटून तीनदा जाग येणाऱ्या बाईने हे दोन्ही कसं जमवावं, याचं गणित लेखकाने मांडलेलं नाही. आईने मांडलं. झोप सोडून दिली.

आता हे उपाय चालतात का? समीक्षकाने मजकुराच्या खरेपणात पडू नये असं आमचे एक सर म्हणायचे. कादंबरीपुरतं ठीक आहे. इथे पडायला हवं. उत्तर अकरा लेखांपेक्षा गुंतागुंतीचं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने 2023 साली संप्रेरकांशिवायच्या उपायांबद्दलचे पुरावे तपासून आपली भूमिका जाहीर केली. हॉट फ्लशसाठी, म्हणजे अचानक अंगातून उसळणाऱ्या त्या उष्णतेसाठी, सोया, वनस्पतींची सप्लिमेंट्स, योग, व्यायाम यांची शिफारस त्यांनी केली नाही. वजन जास्त असेल तर ते कमी करणं, सीबीटी नावाचं समुपदेशन, वैद्यकीय संमोहन आणि काही औषधं यांची केली. जवसाची तर वेगळी चाचणी झाली आहे. सहा आठवडे निम्म्या बायकांना जवस घातलेली वडी दिली, निम्म्यांना बिनजवसाची. हॉट फ्लश दोन्हीकडे कमी झाले, आणि साधारण सारखेच.

याचा अर्थ चालणं-बिलणं थोतांड आहे असा नाही. इथेच हे लेख मला आळशी वाटतात. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं वेगाने ठिसूळ होऊ लागतात. तिथे वजन उचलण्याचे व्यायाम खरोखर कामाचे आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, ते कामाचं आहे. हृदयासाठी चालणं आहेच. पण कुठला उपाय कशासाठी, हे सांगितलंच जात नाही. सगळं एका पातेल्यात. मग बाई महिनाभर चालते, हॉट फ्लश थांबत नाहीत, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून चालणंही सोडून देते. योनीच्या कोरडेपणाबद्दल तर अकरा लेखांत मिळून एक ओळ आहे, तीही ‘वैवाहिक जीवनातील अडचणी’ या गुळमुळीत शब्दांत. केमिस्टकडे त्यासाठी साधं वंगण मिळतं, हे लिहायला कुणाची शाई संपली होती कोण जाणे.

सोयाची गोष्ट मजेशीर आहे. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जपानमधल्या मध्यमवयीन बायकांशी बोलून 1993 साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्या बायका हॉट फ्लशबद्दल फारसं बोलत नव्हत्या. खांदे आखडण्याबद्दल बोलत होत्या. लॉक यांनी त्यांचं घर, सासू, नोकरी, आजारपणं काढणं, सगळं मांडलं. जगभरच्या आरोग्यसदरांनी त्यातून काय उचललं, तर टोफू. आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. मार्शा फ्लिंट यांनी 1975 साली राजस्थान आणि हिमाचलमधल्या राजपूत बायकांबद्दल लिहिलं, की पाळी गेल्याचा त्यांना फारसा त्रास दिसला नाही. पाळी गेल्यावर त्या पडद्यातून बाहेर येऊ शकत होत्या, पुरुषांत बसून बोलू शकत होत्या. पुढे भारतातल्या अभ्यासांत सांधेदुखीपासून हॉट फ्लशपर्यंत सगळं सापडलं, त्यामुळे फ्लिंट यांचा निष्कर्ष जसाच्या तसा घेऊ नये. पण प्रश्न चांगला होता: पाळी गेल्यावर हिला मिळतं काय? अकरा लेखांत तो कुणी विचारत नाही. आमच्या आजीच्या तोंडी ‘सुटले बाई’ असायचं. ‘रजोनिवृत्ती’ शब्दात निवृत्ती आहे, पण निवृत्तीवेतनाचं नाव नाही.

उलट्या टोकालाही असंच लेखन झालं आहे. 1966 साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरने पुस्तक लिहून पाळी गेलेली बाई म्हणजे संप्रेरकांची कमतरता, गोळी घ्या आणि कायम तरुण राहा, असं सांगितलं. त्यामागे औषध कंपन्यांचा पैसा होता हे पुढे उघड झालं. त्याच्या बाजूचा तो आणि आमच्या वहीतले अकरा, दोघांनाही बाई दुरुस्तीला आलेली वस्तूच वाटते. फक्त दुकानं वेगळी.

दवाखान्याकडे येते. आईला सात महिने प्रचंड रक्तस्राव होत होता. पंधरा-पंधरा दिवस. एसटीत बसताना ती खाली प्लॅस्टिकची पिशवी घालायची, हे मला नंतर कळलं. हिमोग्लोबिन 6.9 वर आलं आणि ती पतसंस्थेच्या जिन्यात पडली. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. एवढे महिने बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “अगं, त्यात लिहिलंय ना, जाताना असंच होतं म्हणून.”

मी शोधलं. लिहिलेलं होतं. पाळी अनियमित होणं नैसर्गिक आहे, घाबरू नये. इथपर्यंत खरंही आहे. पण दर तासाला पॅड बदलावं लागणं नैसर्गिक नाही, आठवडा उलटून गेला तरी न थांबणं नैसर्गिक नाही, आणि बारा महिने पाळी न येता पुन्हा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायला हवा. यातलं एकही वाक्य अकरा लेखांत नव्हतं. दोन लेखांत शेवटी ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ होतं. पुन्हा बिनकर्त्याचं.

पहिल्या डॉक्टरांनी फाइल बघून पिशवी काढून टाकू म्हटलं, आता तिचं काय काम. ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. तेव्हा मला बीड आठवलं. 2019 साली सरकारी समितीने तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा ऐंशी हजारांवर बायकांपैकी 13,000 हून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीचे चार दिवस कामावर खाडा पडू नये, हेही एक कारण. त्या बायकांना कुणी मेथीदाण्यांचा लेख पाठवत नाही. ‘नैसर्गिक’ ही सोयसुद्धा पगारी रजा असणाऱ्यांची.

आम्ही दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. गर्भाशयाचं अस्तर जाड झालं होतं, तुकडा तपासला, तो साधा निघाला. तांबीसारखं दिसणारं, पण संप्रेरक सोडणारं साधन बसवलं. चार महिन्यांत रक्तस्राव आटोक्यात आला. हॉट फ्लश अजून आहेत. मेथीदाणे आता मी भिजत घालते, सुटीला गेले की. त्याने काही होत नाही हे दोघींनाही ठाऊक आहे. आईला ती चव आवडते.

वहीच्या शेवटून उलट्या बाजूने आईने स्वतः काही लिहिलंय, ते मला अगदी शेवटी सापडलं. डॉक्टर बाईंनी नोंद ठेवायला सांगण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. तारीख आणि एक-दोन ओळी.

‘मंगळवार. एसटीत. दोनदा. कंडक्टरने खिडकी उघडून दिली.’

‘शुक्रवार. मी मीटिंगमधून उठून गेले. परत आले तेव्हा पंखा माझ्याकडे वळवलेला होता. कोणी ते कळलं नाही.’

‘रविवार. भाकऱ्या करताना. मी गॅस बंद केला आणि गच्चीवर जाऊन बसले. कोणी हाक मारली नाही. वीस मिनिटं बसले.’