तीन लिनियांचं नागाँ

टेबलावर जुना टॉवेल, त्यावर चार हत्यारं आणि खोलीभर बंदुकीच्या तेलाचा वास. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडे गेलो होतो. तिथल्या त्याच्या मित्राने संग्रहातली चार जुनी लष्करी हत्यारं विकायला काढली होती. "दादा, एकच घ्यायचंय. शनिवारी रेंजवर नेताही आलं पाहिजे आणि नुसतं कपाटातून काढून बघावंसंही वाटलं पाहिजे. तू सांग."

मी जन्मात कधी पिस्तूल चालवलेलं नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे लष्करी बोअरचं हत्यार साध्या परवानेधारकाला मिळत नाही. पण कविता न लिहिणाराही ती वाचू शकतोच की. चारही रिकामी असल्याची तीनदा खात्री करून घेतली आणि एकेक हातात घेतलं.

मॅकारोव्हला वेळ लागला नाही. सोव्हिएत सैन्याने १९५१मध्ये स्वीकारलेलं हे पिस्तूल म्हणजे सरळ गद्य. नळी फ्रेमला पक्की, स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली, सुटे भाग मोजके. खोललं काय, जोडलं काय, सगळं मिनिटभरात. दोष काढायला जागा नाही, रेंगाळायलाही नाही.

टोकारेव्ह उचललं आणि मन खट्टू झालं. चपटं, देखणं, ७.६२ मिलिमीटरचं. मुळात त्याला सेफ्टी नाहीच; घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायचा, एवढीच काय ती सोय. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानंतर आयातीच्या अटी कडक झाल्या, म्हणून आयातदारांनी अशा पिस्तुलांच्या फ्रेमला भोक पाडून खटका बसवला. चांगल्या ओळीत मुद्रितशोधकाने आपला स्वल्पविराम घुसडावा, तसा तो खटका दिसतो.

तिसरं वॉल्टर पी-३८. स्लाइडवर 'बी-वाय-एफ ४४'. कारखान्याचं नाव शत्रूला कळू नये म्हणून जर्मन सैन्याने अक्षरी संकेत दिले होते. ही तीन अक्षरं माउझरची, आणि ४४ हे साल. पोलादावर हात फिरवला की कटरचे ओरखडे बोटाला लागतात. १९४४मध्ये पॉलिश करत बसायला सवड कुणाला होती? पण फ्रेमवरचा नंबर स्लाइडशी जुळवण्यासाठी कुणीतरी मागाहून हाताने कोरलेला होता, आणि शेजारी एक लहानशी फुली. सोव्हिएत सैन्याने हाती लागलेली पिस्तुलं ढिगाने खोलली, भाग मिसळले, पुन्हा जोडली. ही फुली त्याची खूण. संग्राहकाच्या लेखी असं पिस्तूल उतरतं, मूळ नंबर जुळणाऱ्याला भाव जास्त. मला मात्र ते हाताने कोरलेले आकडेच जास्त आवडले. एकाच पानावर जेते आणि जित दोघांचं अक्षर!

आणि मग नागाँ. बेल्जियमच्या लिएज शहरातल्या लेऑन नागाँ यांनी रचलेलं, रशियाने १८९५मध्ये स्वीकारलेलं सात गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. डाव्या अंगाला ताऱ्यात बाण, म्हणजे तुला शहरातला कारखाना, खाली १९३९. त्याशेजारी चौकटीत एक तिरकी रेघ, म्हणजे हे कधीतरी शस्त्रागारात दुरुस्त होऊन नव्याने काळं केलेलं.

बोअर तेच ७.६२. हा आकडा रशियाच्या जुन्या मापातून आला. एक लिनिया म्हणजे इंचाचा दहावा भाग, अशा तीन लिनिया म्हणजे ७.६२ मिलिमीटर. रायफलीला तेच माप, रिव्हॉल्व्हरला तेच, पुढे टोकारेव्हलाही तेच.

पण खरी गंमत घोडा मागे ओढताना कळते. सिलिंडर (घरगुती गॅसचा नव्हे!) फिरतो, आणि फिरून झाल्यावर चक्क पुढे सरकतो. एरवी रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात एक बारीक फट असते, तिथून दाबाखालचा वायू निसटतो. इथे सिलिंडरची खोबण नळीच्या टोकावर टोपणासारखी बसते. काडतूसही त्यासाठी वेगळं: गोळी बाहेर डोकावत नाही, पितळी कवचाच्या आत बुडालेली असते, आणि कवचाचं तोंड नळीत शिरून उरलीसुरली फट बुजवतं. म्हणून तर मितिन बंधूंचा 'ब्रामित' सायलेन्सर या रिव्हॉल्व्हरवर चालला. इतर रिव्हॉल्व्हरांवर तो व्यर्थ, आवाज फटीतूनच निघून जायचा.

या करामतीने गोळीचा वेग थोडासाच वाढतो, आणि किंमत मोजतं ते बोट. सिलिंडर फिरवायचा, पुढे ढकलायचा, घोडा उचलायचा, हे सगळं एका चापावर. चाप थेट ओढायचा तर जोर लागतो नऊ किलोच्या आसपास, आणि हत्यार स्वतः जेमतेम ८०० ग्रॅमचं! नेम कसला धरता? भरणंही तसंच. उजवीकडची झडप उघडा, एकेक काडतूस आत. झाडून झाल्यावर दांडी ओढून, वळवून एकेक कवच बाहेर. त्याची जागा घ्यायला टोकारेव्ह आलं, तरी महायुद्ध संपेपर्यंत नागाँ बनतच राहिलं.

मला तो सरकणारा सिलिंडर वृत्तासाठी केलेल्या ओढाताणीसारखा वाटला. अडचण वृत्तानेच आणलेली, पण ओळ लक्षात राहते तीही त्यामुळेच. भावाने चाप ओढून बघितला, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा ओढला. तेव्हाच मला उत्तर कळलं होतं.

दर शनिवारी रेंजवर जाणार असाल तर मॅकारोव्ह घ्या, आणि नेमाच्या समाधानासाठी ते पुरेसं आहे. पण एकच घ्यायचं आणि ते बघतही बसायचं असेल तर नागाँ. फक्त एक सांभाळा: जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल शोषतो आणि पोलादाला गंज चढवतो. नुसत्या तेलाने तो जात नाही. रेंजवरून आलात की त्याच रात्री नळी आणि सिलिंडर गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, आणि मगच तेल लावा.